मर्यादवेलीच्या अलीकडे : मांद्रे-पेडण्याचा किनारा आणि बांधाचा हिशेब

किनाऱ्यावरच्या गावाचा इतिहास राज्यकर्त्यांच्या यादीने सुरू करण्याचे कारण नाही. कदंब आले, विजयनगर आले, आदिलशाही आली, सावंतवाडीकर भोसले आले, पोर्तुगीज आले. भरती मात्र दिवसातून दोनदा येतच राहिली. ती कोणी अडवली, कशी अडवली आणि कोणाच्या पैशाने अडवली, हे विचारले तर गाव अधिक नीट दिसते. आज मांद्रे, आश्वे, मोरजी, केरी या पट्ट्यात समुद्राच्या धुपेची चर्चा सुरू झाली की बोलणे लगेच दगडावर आणि निधीवर येते. भिंत कधी होणार, पैसे कोण देणार, असे दोन प्रश्न विचारले जातात. आपल्या पूर्वजांनी हे प्रश्न निराळ्या क्रमाने विचारले होते. तो क्रम काय होता आणि तो कसा मोडला, हे वाचकांपुढे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

१. खाऱ्या पाण्याच्या काठची शेती

शिवोलीहून पूल ओलांडून तुम्ही चोपड्यात उतरलात की शापोरा नदीच्या काठाने आगरवाड्याकडे सपाट जमीन पसरलेली दिसते. ही जमीन निसर्गाने दिलेली नाही. भरतीचे पाणी तिच्यावर यायचे आणि ओहोटीला उतरायचे. केव्हातरी कोणीतरी चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा बांध घालून पाणी बाहेर ठेवले आणि आतल्या दलदलीचे शेत केले. गोव्यात या जमिनीला खाजन म्हणतात. साऱ्या गोव्यात अशी खाजने सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. गोव्यासारख्या छोट्या प्रदेशाच्या मानाने हा आकडा लहान नाही.

खाजनाचे सारे शहाणपण मानशीत आहे. मानस म्हणजे बांधात बसवलेले लाकडी दार. भरतीच्या पाण्याचा रेटा बाहेरून आला की ते आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या भाराने उघडते. आतले पावसाचे पाणी निघून जाते, बाहेरचे खारे पाणी हवे तेवढेच आत येते. दाराच्या आत पाण्याचा साठा असतो, त्यात मासे वाढतात आणि ओहोटीला दाराशी जाळे लावून ते धरले जातात. जूनच्या पहिल्या पावसांनी मातीतला खार धुऊन गेला की कोरगूट किंवा आसगो यांसारखे खार सोसणारे भात पेरायचे. पीक निघाल्यावर काही ठिकाणी मासळी, काही ठिकाणी मीठ. एका जमिनीची तीन उत्पन्ने, आणि तिन्ही एका बांधाच्या जिवावर.

आपली गावनावेही याची साक्ष देतात. आगरवाडा या नावात मिठाचा आगर आहे. डिचोलीत पिळगावच्या बाजूला सारमानस आहे, त्या नावात मानस ऐकू येते. मानशीजवळ आणि बांधावर राखणदार असतो, त्याला वर्षाचे देणे द्यायचे असते, ही श्रद्धा तुम्ही घरात ऐकली असेल. तिच्याकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहू नये. खेकड्याच्या बिळातून झिरपणारे पाणी वेळीच दिसले नाही तर एका रात्रीत बांध फुटतो. त्या जागी कोणाचे तरी सतत लक्ष असले पाहिजे, एवढी गोष्ट त्या श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या जागी ठेवली.

२. पैसा कोठून येई

बांध घालणे एकदाचे काम, राखणे कायमचे. मग खर्च कसा भागे? जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टीत, याचे उत्तर गावकरी या संस्थेत मिळते. १५२६ साली अफोंसो मेशिया याने गावकरांचे हक्क आणि चालीरीती लिहून काढल्या. त्या दस्तऐवजात गावकरीच्या उगमाची कथा आहे. फार पूर्वी चार माणसे ओसाड भूमीवर आली, त्यांनी ती लागवडीला आणली, वस्ती वाढवली आणि म्हणून त्यांना गावकर म्हणू लागले. कथा खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. ज्यांनी जमीन घडवली ते तिच्या कारभाराचे धनी, हे तत्त्व तीत आहे आणि पोर्तुगीजांनी ते आल्या आल्या कागदावर घेतले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या गावकरीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, ते तिच्या या जुन्या सामुदायिक घडणीमुळेच.

गावकरीचा हिशेब असा चाले. गावाच्या सामाईक जमिनी ठरावीक मुदतीने, बहुधा तीन वर्षांनी, पावणी करून कसायला देत. मानशीच्या मासळीचीही पावणी होई. आलेले उत्पन्न एका पेटीत. त्यातून आधी सरकारचा कर, मग देऊळ आणि गावाचे नोकर, बांध आणि मानशीची डागडुजी. हे सारे भागल्यावर जे उरेल ते गावकरांत जोण म्हणून वाटायचे. हा क्रम लक्षात घ्या. बांधाचा खर्च वाटणीच्या आधी होता. बांध नीट राहिला तर पुढल्या पावणीला बोली चढे आणि जोण वाढे. बांध फुटला तर जोणच नाही. म्हणजे बांधाकडे दुर्लक्ष करणाऱ्याच्या खिशालाच पहिली झळ बसे.

याशिवाय खाजनात प्रत्यक्ष कसणाऱ्यांची वेगळी मंडळे होती. पोर्तुगीज कागदांत त्यांना ‘बौस’ म्हटले आहे. खाजनातल्या क्षेत्राच्या प्रमाणात प्रत्येकाने बांधाच्या खर्चाचा वाटा उचलायचा, असा त्यांचा पाया. १९०४ च्या आणि नंतर १९६१ च्या कोमुनिदाद संहितेत या साऱ्या व्यवस्थेला कायद्याचे रूप मिळाले.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकता येणार नाही. गावकरपण वंशाने, तेही पुरुषवंशाने चाले. कमरेइतक्या चिखलात उभे राहून बांध घालणारे गावडे, कुळे आणि मुंडकार यांना जोण नव्हती आणि बैठकीत शब्दही नव्हता. कोकणात इतरत्रही हेच दिसते. अलिबागच्या बाजूला शिलोत्री नावाची खारजमिनीची पद्धत होती. तीत बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी धारकावर असे, आणि भार मात्र अखेर कसणाऱ्याच्या पाठीवर येई. त्याच तालुक्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा चरीचा शेतकरी संप चालला. खोतीविरुद्धच्या त्या लढ्याच्या मुळाशी, घाम एकाचा आणि धान्य दुसऱ्याचे, हाच प्रश्न होता. तेव्हा जुनी घडी आदर्श होती असे कोणी म्हणू नये. तिच्यात एकच गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्याला लाभ त्याच्याकडून खर्च, आणि ज्याच्याकडून खर्च त्याचे बांधावर लक्ष, अशी गाठ तिने बांधून ठेवली होती.

३. पेडण्याची वेगळी वाट

पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे आला. जुन्या काबिजादींपेक्षा जवळजवळ अडीचशे वर्षे आपण निराळ्या कारभाराखाली राहिलो. म्हणून बारदेशातल्या कोमुनिदादीचे चित्र जसेच्या तसे पेडण्यावर चिकटवता येत नाही. येथे देशप्रभूंसारख्या जमीनदार घराण्यांचे, इनामांचे आणि मोकाशांचे वजन अधिक होते. नव्या काबिजादींतल्या लोकांचे रीतिरिवाज राखले जातील, हे राज्यकर्त्यांचे धोरण होते. त्या रीतिरिवाजांची संहिता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पणजीत पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. पेडणे-डिचोलीच्या माणसाला त्याचा हक्क मराठीत वाचून दाखवावा लागे, ही गोष्ट आपल्या भाषेच्या इतिहासातही नोंदवण्यासारखी आहे.

पेडण्याच्या बांधांना पहिला मोठा धक्का समुद्राने दिला नाही. तो एका तहाने दिला. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये करार झाला आणि गोव्यातल्या मिठाचे उत्पादन व विक्री यांवर ब्रिटिश-भारतीय सरकारचा ताबा आला. अनेक मिठागरे बंद पडली. करार १८९२ मध्ये संपला, परंतु मधल्या १२-१३ वर्षांत ज्यांचा व्यवसाय मोडला ते सगळे परतले नाहीत. आता वरच्या हिशेबाशी हे जोडून पाहा. आगर बंद म्हणजे मिठाचे उत्पन्न बंद, उत्पन्न बंद म्हणजे बांधावर माती टाकायला कारणच नाही. लाभ आणि खर्च यांची गाठ तुटली की बांध आपोआप अनाथ होतो.

४. मुक्तीनंतर

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६४ मध्ये कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय दूर करणारा हा कायदा होता आणि पेडण्यासारख्या जमीनदारीच्या तालुक्यात त्याचे मोल फार मोठे. पण बांधाचा प्रश्न त्यातून नव्याने उभा राहिला. भाटकाराचा लाभ संपला तशी बांधातली त्याची आस्थाही संपली. बांध सामाईक, शेत मात्र ज्याचे त्याचे. म्हणून १९७५ च्या नियमांनी कुळांची सामुदायिक जबाबदारी ठरवली आणि खाजनांसाठी कूळ संघटना उभ्या केल्या. त्यांच्यावर देखरेख मामलेदाराची, आणि मोठ्या कामांना पैसा व अभियंते कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाचे.

कागदावर ही व्यवस्था जुन्यापेक्षा न्याय्य आहे. व्यवहारात तिच्यात दोन भेगा पडल्या. पहिली पैशाची. बांधाला सरकार पैसे देणार हे कळल्यावर, बीळ दिसताच टोपलीभर चिखल टाकण्याऐवजी अर्ज करण्याची सवय लागली. टोपलीचे काम त्याच दिवशी होते. अर्जाचे काम पुढल्या आर्थिक वर्षात होते, आणि भरती आर्थिक वर्ष पाळत नाही. दुसरी भेग मासळीची. कोळंबीचा भाव भातापेक्षा चढला. मानशीची पावणी घेणाऱ्याला दार जास्त वेळ उघडे राहिलेले हवे, शेतकऱ्याला ते मिटलेले हवे. गोव्यात अनेक ठिकाणी खारे पाणी शेतात शिरले, काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडले गेले, आणि एकदा शेत खारावले की ते मासळीलाच सोडून देणे सोपे झाले. पूर्वी मानशीची पावणी बांधाला पोसत होती. आता तीच बांधावर उलटली.

महाराष्ट्रातही वळण हेच होते. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्राचा कायदा यांनी बांध सरकारी खात्याकडे नेले. निधी आला, यंत्रे आली, पण बांधावरून रोज चालणारा माणूस खात्याच्या आस्थापनेत बसत नव्हता.

५. ज्या बांधाची वहीच नव्हती

आतापर्यंत नदीकाठच्या बांधाविषयी बोललो. मांद्र्याचा समुद्राकडला बांध वेगळा आहे. तो कोणी घातला नाही. आश्वे ते जुनसवाडा या पट्ट्यात समुद्र, मग पुळण, मग वाळूच्या टेकड्या, त्यांच्यामागे खाडी आणि खाडीमागे माड, शेते, घरे, अशी रचना होती. वाळूची टेकडी हीच गावाची भिंत.

ही भिंत दगडाच्या भिंतीसारखी उभी राहत नाही, ती देवघेव करते. जून ते सप्टेंबर मोठ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून जरा आत, पाण्याखाली नेऊन ठेवतात. तिथे ती उंचवट्यासारखी साठते आणि पुढच्या लाटा तिच्यावरच फुटतात. पाऊस सरला की शांत लाटा तीच वाळू परत आणतात, वारा ती वर उडवतो आणि टेकडीवरच्या वेली ती धरून ठेवतात. टेकडी म्हणजे वाळूची ठेव; वाईट वर्षी मोडायची, चांगल्या वर्षी भरायची. धरून ठेवणाऱ्या वेलींत पहिली आपली मर्यादवेल, जांभळ्या फुलांची. समुद्र हिची मर्यादा ओलांडत नाही, ही लोकांची समजूत वेलीच्या नावातच आहे. समजूत शास्त्राला धरून आहे. जिथे वेल रुजून टिकली तिथपर्यंत नेहमीच्या लाटा पोचत नाहीत, एवढी नोंद तिने आपल्यासाठी केलेली असते.

आता हिशेबाचा मुद्दा. या भिंतीवर गावाने कधी पैसा खर्च केला नाही, कारण करावा लागला नाही. ज्याचा खर्च नाही त्याची वही नाही. खाजनाच्या बांधाला मालक होते, वाटेकरी होते, राखणदार होता. वाळूच्या टेकडीला यांतले कोणी नव्हते. भात न पिकणारी, माड न धरणारी ती पडीक जागा मानली गेली. म्हणून पर्यटन आले आणि समुद्र दिसणाऱ्या जागेला भाव आला, तेव्हा सर्वांत आधी टेकडीच सपाट झाली. ज्या गोष्टीची किंमत कोणी लिहून ठेवली नव्हती ती विकताना काय विकतो आहोत हे कोणालाच कळले नाही.

त्याच काळात वाळूचा पुरवठाही आटत गेला. शापोरा नदी वर दोडामार्गात तिळारी म्हणून वाहते. तिथे धरण झाले. खाली नदीतून बांधकामासाठी वाळूउपसा होत राहिला. किनाऱ्याच्या ठेवीत भर घालणारा एक हात असा आखडला, आणि मोडणारा हात तसाच राहिला.

केरीच्या किनाऱ्यावर यापुढची पायरी दिसली. मुळे उघडी पडून सुरूची झाडे आडवी झाली आणि मग दगडांचा बंधारा घातला गेला. दगडी भिंत मागची जागा वाचवते, हे खरे. पण लाट वाळूवर चढून दमते, भिंतीवर आपटून परत फिरते; परत फिरताना भिंतीच्या पायथ्याची वाळू नेते आणि भिंत जिथे संपते तिथे पुढच्याच्या जमिनीला खोदते. म्हणून एका वाड्याची भिंत शेजारच्या वाड्याच्या भिंतीची मागणी जन्माला घालते. जिथे घरे आणि रस्ता अगदी कडेला आले आहेत तिथे दगडाला पर्याय नसेलही. पण जिथे टेकडी अजून आहे तिथे आधी दगड मागणे म्हणजे ठेव असताना कर्ज काढणे.

६. निधी आहे, तो कोणाच्या वहीत पडतो?

राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या पाहणीत १९९० नंतरच्या काळात देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा धुपेत असल्याचे दिसले. गोव्याचा सुमारे एक पंचमांश. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी नदी आणि समुद्राची धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी आणि धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपयांची शिफारस केली. म्हणजे देशाच्या पातळीवर धूप ही आपत्ती आहे हे मान्य झाले. संरक्षणाचा कायदाही आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. खाजनांचा नकाशा आणि व्यवस्थापन आराखडा करावा, वाळूच्या टेकड्यांवर काम होऊ नये असे तीत आहे, आणि कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा म्हणून मोरजी, आगोंद, गालजीबाग यांच्याबरोबर मांद्र्याचे नाव आहे. दिल्लीच्या राजपत्रात आपल्या गावाचे नाव येणे ही रोजची गोष्ट नव्हे.

मग अडते कुठे? सरकारी पैसा मोजता येणाऱ्या कामाकडे वळतो. दगडाचे घनमीटर मोजमाप वहीत चढतात, कंत्राटदाराचे बिल निघते, फीत कापता येते. मर्यादवेल लावणे, टेकडीवरची वाट बदलणे, कुंपण घालून तीन पावसाळे थांबणे, याचे घनमीटर होत नाहीत. आणि ज्या गावाकडे स्वतःची वही नसते ते गाव खात्याच्या वहीत जे बसते तेच मागते.

येथे हॉलंडकडे क्षणभर पाहू. त्या देशातली पाणीमंडळे तेराव्या शतकापासून चालत आलेली आहेत. उत्तर समुद्राच्या त्या किनारपट्टीवर जुना दंडक होता. आपल्या वाट्याचा बांध राखणे ज्याला जमणार नाही त्याने बांधात फावडे रोवून जमीन सोडून जावे. जो फावडे उपटेल त्याला जमीन मिळे आणि बांधाची जबाबदारीही. दंडक कठोर, पण लाभ आणि खर्च यांची गाठ त्याने किती घट्ट बांधली होती पाहा. १९५३ च्या महापुरात तिथे १,८३६ माणसे गेली. त्यानंतर सरकारने प्रचंड बांधकामे हाती घेतली, दोन हजारांहून अधिक मंडळांची एकत्रीकरणे होत आज ती २१ राहिली. परंतु मंडळ मोडले नाही. त्याची निवडणूक होते आणि ते स्वतःचा कर घेते. मोठ्या कामाला देशाचा पैसा, रोजच्या राखणीला काठावरच्या माणसाचा, हा विभाग त्यांनी सांभाळला. आपण मोठे काम सरकारकडे देताना राखणही देऊन टाकली.

७. मांद्र्याने काय करावे

इतिहासाच्या अभ्यासकाने अभियंत्याचे काम करू नये. पण वर आलेल्या हिशेबातून तीन गोष्टी निघतात, त्या तुमच्या विचारासाठी ठेवतो.

पहिली, वही. किनाऱ्यावर ठरावीक ठिकाणी खुणेचे खांब असावेत आणि पावसाआधी मे महिन्यात व पावसानंतर नोव्हेंबरात, खांबापासून पाणी किती दूर, टेकडी किती उंच, वेल कुठपर्यंत, याची नोंद पंचायतीत व्हावी. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, गोवा विद्यापीठ आहे. पद्धत शिकवायला माणसे दूर नाहीत. शाळेतली मुलेही हे मोजमाप करू शकतील. दहा वर्षांची अशी वही हातात असलेले गाव निधी मागायला गेले तर त्याला काय हवे ते स्वतः सांगता येईल.

दुसरी, वाटा. पूर्वी भात आणि मासळी बांधाच्या जिवावर होती. आज किनाऱ्याच्या जिवावर शॅक, हॉटेले आणि भाड्याची घरे आहेत. बांधाचा खर्च वाटणीच्या आधी, हे जुने तत्त्व त्यांनाही लागू आहे. किनाऱ्यावरून मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक भाग किनाऱ्याच्या राखणीसाठीच बाजूला पडला पाहिजे आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. या बैठकीत जुन्या चुकीची पुनरावृत्तीही नको. रापण ओढणारे, होडीवाले, खाजनात राबणारे, भाड्याने राहणारे, या सर्वांना शब्द असावा. फक्त जमिनीचा उतारा ज्यांच्या नावावर त्यांनाच नव्हे.

तिसरी गोष्ट जुन्या घराण्यांसाठी आहे, आणि ती बोलायला अवघड आहे. टेकडीची जमीन पुष्कळदा आपल्याच नावावर असते. ती भाड्याने देताना किंवा विकताना आपण एका व्यक्तीचा सौदा करतो, पण सोडून देतो ती सगळ्या वाड्याची भिंत. खाजनात एखाद्या गावकराने आपल्या शेतापुढचा बांध फोडून विकला असता तर गावाने त्याला जाब विचारला असता. वाळूच्या बांधाविषयी तो जाब विचारायची रीत आपल्याकडे कधी पडलीच नाही. ती आता पाडावी लागेल, आणि ती दुसऱ्यांना विचारण्याआधी आपल्या घरातल्या वाटणीपत्रात विचारावी लागेल.

बांधाची पाहणी पूर्वी मिरगाच्या आधी होत असे; चिखल आवळायला ऊन हाताशी असतानाच. येत्या मे महिन्यात, पहिल्या सरीआधी, एखाद्या सकाळी ओहोटीला जुनसवाड्यापासून आश्व्यापर्यंत वाळूवरून चालून या. मर्यादवेल कुठवर आहे, कुठे ती तुटली आहे आणि तुटल्या जागी कोणाची जमीन आहे, एवढे एका कागदावर लिहून ठेवा. मांद्र्याच्या समुद्राकडल्या बांधाच्या वहीचे ते पहिले पान होईल.